लॉजवाल्याची नात

शाळेतून फोन आला तेव्हा चष्मेवाली दुकानात एका फ्रेममध्ये काच बसवत होती. पलीकडून हेडबाई म्हणाल्या, "तुमची मुलगी एका मुलाच्या हाताला चावली आहे. उद्या दुपारी येऊन भेटा. तिला शाळेत ठेवायचं की नाही, ते उद्याच ठरवू."

आता दुसरी कुठलीही आई असती तर म्हणाली असती, अगंबाई, चावली? कुणाला? आणि आधी त्या पोरानं काय केलं होतं ते सांगा की! पण चष्मेवाली नुसती "हो," म्हणाली. "माफ करा," म्हणाली. परत एकदा माफ करा म्हणाली, तोवर फोन केव्हाच बंद झाला होता.

तिच्या मनात एकच आलं. इतकी वर्षं ज्याची धास्ती होती ते शेवटी आलंच.

त्याचं असं होतं, की तिच्या बापाला सगळं गाव ओळखत होतं. लॉज चालवायचा तो. मऊ बोलणारा, सगळ्यांना हसून 'हो, हो' म्हणणारा माणूस. त्यानं लॉजवर राहणाऱ्या चार जणांना, एकेकाला, दुधातून विष देऊन मारलं होतं. पकडायला पोलीस आले तर त्यांनाही म्हणाला, "उभे का? बसा ना." वर्तमानपत्रांनी त्याचं 'हसरा लॉजवाला' असं बारसंच करून टाकलं. तुरुंगात वारला त्याला कितीतरी वर्षं झाली, पण लोक असल्या माणसांना सुखानं मरू देतात होय? दर थोड्या दिवसांनी कुणीतरी त्याच्यावर कार्यक्रम करतं, काळ्या कोटातला एखादा विद्वान कपाळाला आठ्या घालून विचारतो, 'का केलं असेल त्यानं?' पैशासाठी म्हणावं, तर कुणाच्या बॅगेला हात लावलेला नव्हता. वैर म्हणावं, तर चौघंही परगावचे. सगळ्यांनी हात टेकले होते.

चष्मेवालीच्या आईनं मात्र उत्तर केव्हाच काढून ठेवलं होतं. "त्यांच्या पोटात राग होता. दिसत नव्हता, पण होता. तुझ्यात त्यांचंच रक्त आहे. राग म्हणून कधी येऊ द्यायचा नाही!" झालं. पोरीनं खेळताना आवाज चढवला की आई धावत येऊन तिच्या तोंडावर हात ठेवायची. बिचारी आई तरी काय करणार? भीतीनं अर्धी झाली होती. पण त्यातून घडली ती ही अशी. रांगेत कुणी पुढं घुसलं की ही हसायची. मालकानं दुसऱ्याची चूक हिच्या माथी मारली तरी हसायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, एकदा त्यानं नवाकोरा टॉवेल ग्रीस पुसायला नेला, तर म्हणे, "असू दे." तो वैतागून म्हणाला होता, "तुझ्याशी भांडणं म्हणजे उशीला बुक्की मारणं आहे. काय मजा आहे त्यात?"

आणि अशा बाईच्या पोटी काय यावं? सात वर्षांची तिखटजाळ पोर! जन्मली तीच हॉस्पिटल डोक्यावर घेत. बापानं कौतुकानं तिचं नाव मिरची पाडलं. तो हाक मारायचा आणि चष्मेवालीच्या काळजात दर वेळी धस्स व्हायचं.

त्या संध्याकाळी मिरची घरी आली ती गाल फुगवूनच. आईनं तिला एका शब्दानं विचारलं नाही. जेवायला वाढलं, केस विंचरले, आणि ती दप्तर आवरतेय असं पाहून घरातली कात्री आणि सुरी उचलून माळ्यावर ठेवली. थोड्या वेळानं नवरा हातात टोमॅटो घेऊन सगळं स्वयंपाकघर उलथंपालथं करायला लागला.

"अगं, सुरी कुठंय?"

"माळ्यावर."

"माळ्यावर? सुरी?"

तिनं नुसतं मिरचीकडं पाहिलं. नवऱ्याच्या लक्षात आलं आणि तो लालबुंद झाला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? दुधाचे दात पडतायत अजून तिचे! त्या मुलाच्या हातावरच्या खुणेत म्हणे मधे फट आहे, दात पडल्याची. आणि तू सुरी लपवतेस?" त्यानं टोमॅटो तसाच अख्खा खाल्ला आणि बाहेर निघून गेला. मिरची दारात उभी राहून हे सगळं बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मेवालीनं दुकानातून सुट्टी घेतली आणि डॉक्टरीणबाईंचं घर गाठलं. या बाई मनाच्या डॉक्टर. तुरुंगात तिच्या बापासमोर कितीतरी महिने बसलेल्या. बापाच्या लहानपणाची चौकशी करायला त्या एकदा तिच्या घरी आल्या होत्या, तेव्हा आईनं धाडकन दार लावून घेतलं होतं, आणि बाई बंद दारातूनच म्हणाल्या होत्या, "मुलीला कधी काही विचारावंसं वाटलं तर पाठवा." मुलगी इतकी वर्षं गेली नव्हती. विचारायचं होतं एकच, आणि उत्तराचीच भीती होती.

दार उघडंच होतं आणि आतून आरडाओरडा ऐकू येत होता. पांढऱ्या केसांच्या बाई स्वयंपाकघरात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि प्लंबर बेसिनखाली अर्धा शिरला होता.

"तिसऱ्यांदा आलायस तू! तिसऱ्यांदा! हा नळ आहे की तुझी पेन्शन?"

"बाई, नळ जुना आहे, मी काय करू?" आतून आवाज आला.

"मीही जुनीच आहे. मी गळते का कुठं?"

चष्मेवालीचे पाय दारातच थिजले. आता काहीतरी भयंकर होणार. तर प्लंबर हसत बाहेर आला, हात पुसले, आणि बाईंनी त्याच्या हातात चहाचा कप दिला. "पी. आणि जाताना वॉशर नवा घालून जा, नाहीतर परत ओरडेन." तो म्हणाला, "ओरडालच हो." एवढं महाभारत झालं, आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

मग बाईंनी हिला समोर बसवलं. हिनं अडखळत ओळख सांगितली, पण बाई नुसत्या म्हणाल्या, "अगं, किती उशीर केलास! बोल."

ती बोलली. चावण्याचं सांगितलं, रक्ताचं सांगितलं. शेवटी एकदाचं विचारलं, "बाई, तिच्यात त्यांचा राग उतरलाय का?"

"कुणाचा राग?"

"माझ्या वडलांचा."

बाई तिच्याकडं बघतच राहिल्या. "कुणी सांगितलं तुला, की तुझ्या वडलांना राग यायचा म्हणून? मी त्यांना डिवचलं, खोटं पाडलं, एकदा तर मुद्दाम तासभर ताटकळत ठेवलं. राग नाही. हसायचे. ते चौघं होते ना, त्यातला प्रत्येक जण त्यांना सगळ्यांसमोर टाकून बोलायचा. कुणी चादरीवरून, कुणी जेवणावरून. मी विचारलं, अहो, मग 'खोली सोडा' म्हणायचं त्यांना! लॉज तुमचा होता! तर काय म्हणाले माहितीये? म्हणाले, 'असं कसं म्हणू बाई? त्यांना वाईट वाटलं असतं.'"

चष्मेवालीच्या अंगावर सरसरून काटा आला.

"त्या माणसाला भांडता येत नव्हतं," बाई म्हणाल्या. "लहानपणी कधी भांडले नाहीत. शाळेत शहाणा मुलगा म्हणून बक्षीस. 'नाही' हा शब्द तोंडातून काढण्यापेक्षा त्यांना ते दूध सोपं वाटलं. आता हे काही पुरतं उत्तर नव्हे हं. भांडता न येणारी माणसं पैशाला पासरी असतात, ती काही विष देत फिरत नाहीत. त्यांच्यात आणखी काय मोडलेलं होतं ते मलाही नाही कळलं. पण राग? छे! राग आला असता तर चार माणसं वाचली असती."

ही अगदी हळू आवाजात म्हणाली, "पण मग मीच त्यांच्यासारखी आहे. मला भांडता येत नाही. मी सारखी हसते."

"कुणाला विष दिलंस?"

"अहो, नाही हो!"

"मनात आलं कधी?"

चष्मेवाली घुटमळली. "मालक एकदा असा बोलला होता, की वाटलं, याच्या डोक्यात फ्रेमांचा ट्रे घालावा."

"मग? घातलास?"

"नाही. घरी येऊन रडले."

"शाबास! ट्रे मनात येतो तो सगळ्यांच्याच. तुला रडू आलं ना? त्यांना काहीच यायचं नाही. अगं, रक्तात लोह असतं, साखर असते. खून असलेलं रक्त एवढ्या वर्षांत मला कुठं दिसलं नाही."

काय सांगू! चष्मेवालीचा जीव असा भांड्यात पडला, की तिला खुर्चीत सावरून बसावं लागलं. लहानपणापासून छातीवर बसलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता. ती हसायला लागली, हे हसणं वेगळं होतं, आणि हसता हसता डोळे वाहायला लागले. बाईंनी तिला पुरतं रडू दिलं. मग म्हणाल्या, "बरं, पोरगी चावली का?"

"म्हणजे?"

"का चावली? कारण काय?"

"ते मी विचारलंच नाही."

"विचारलं नाहीस?" बाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, मी खुन्यांनासुद्धा आधी तेच विचारते! ऊठ, आधी जा शाळेत."

शाळेत हेडबाईंच्या खोलीबाहेरच्या बाकावर मिरची पाय हलवत बसली होती. आई धापा टाकत तिच्याशेजारी टेकली.

"का चावलीस गं?"

मिरचीनं चमकून वर पाहिलं. "त्यानं धाकटीला खेळाच्या सामानाच्या खोलीत कोंडलं होतं." धाकटी म्हणजे तिच्या वर्गातली सगळ्यात बारकी मुलगी. "आत अंधार असतो. ती किंचाळत होती. मी त्याला सांगितलं, उघड. तो कडी धरून हसत होता. मी हात ओढला तर सोडेना. बाईंना हाका मारल्या, बाई नव्हत्या. मग चावले. मग त्यानं सोडली कडी."

"आणि हे तू हेडबाईंना का नाही सांगितलंस?"

"हेडबाई म्हणाल्या, चावलीस की नाही, तेवढंच सांग. मी सांगितलं, चावले." मग तिनं आईवर बोट रोखलं. "तू तर काहीच नाही विचारलंस."

चष्मेवालीला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. पण तेवढ्यात खोलीतून बोलावणं आलं.

आत तो मुलगा, हाताला हे एवढं मोठं बँडेज, आणि त्याची आई. हेडबाई गोड आवाजात म्हणाल्या, "हे बघा, आम्हाला कल्पना आहे. तुमच्या घरची पार्श्वभूमी, आजोबांचं ते सगळं. काही गोष्टी मुलांमध्ये येतातच. इतर मुलांचाही विचार करावा लागतो ना आम्हाला?"

सवयीनं चष्मेवालीच्या ओठांवर हसू आलं. मग ते तिचं तिलाच जाणवलं, आणि तळपायाची आग मस्तकाला गेली.

"नाही!" ती म्हणाली. आवाज चिरकाच निघाला. वापरात नव्हता ना कधी. म्हणून तिनं परत काढला, मोठ्यानं. "नाही म्हणजे नाही! आजोबांचं नाव काढायचं नाही! तुम्ही चावली का विचारलंत, का चावली ते कुणी विचारलं? ती बारकी पोर अंधारात किंचाळत होती तेव्हा कुठं होता तुम्ही सगळे? बोलवा त्या मुलीला! आत्ता बोलवा!"

टेबलावरच्या कपात चमचा किणकिणला, कारण तिनं टेबलावर हात आपटला होता. हेडबाई दचकल्या. मुलाची आई दचकली. सगळ्यात जास्त दचकली ती स्वतः. आता काय होणार? काही नाही झालं. धाकटीला बोलावलं. तिनं नाक ओढत सगळं सांगितलं. त्या मुलाचे कान त्याच्या आईनं तिथंच पिळले, बँडेज काढलं तर आत खूण पुसट होत आलेली, आणि हेडबाई घसा खाकरून म्हणाल्या, "मुलीचं नाव काढण्याचा प्रश्नच नाही. आमच्याकडून जरा घाई झाली." दोन्ही पोरांनी एकमेकांची माफी मागितली, दोघांनीही फुगलेल्या तोंडानं.

बाहेर रस्त्यावर आल्यावर चष्मेवालीला पिसासारखं हलकं वाटत होतं. वीसेक पावलं ती तशीच चालली. मग गर्रकन वळली.

"आणि तू गं? चावतात होय कुणाला? कुत्रं आहेस का? ओरडायचं, लाथ मारायची दाराला, सगळी शाळा गोळा करायची, पण दात लावायचे नाहीत! परत असं केलंस तर याद राख!"

मिरची जागच्या जागी उभी राहिली. आई तिच्यावर जन्मात कधी ओरडली नव्हती. तिचा खालचा ओठ थरथरला.

"म्हणजे आता तू मला घाबरत नाहीस?"

चष्मेवालीच्या काळजाचं पाणी पाणी झालं. ती तिथंच फुटपाथवर तिच्यासमोर उकिडवी बसली. खोटं बोलायला जागा नव्हती.

"घाबरत होते," ती म्हणाली. "चुकलं माझं. आता नाही घाबरत."

"अजिबात?"

"अजिबात."

मिरचीनं एक मोठा श्वास घेतला. आईच्या गळ्यात पडली, तिच्या खांद्याला नाक पुसलं, आणि मग बाजूला होऊन कमरेवर हात ठेवले.

"मग मला कुत्रं नाही म्हणायचं!"

"मग चावायचं नाही!"

"तू आधी म्हणालीस!"

"तू आधी चावलीस!"

येणारेजाणारे वळून बघत होते. दोघींनाही त्याची पर्वा नव्हती. घर येईपर्यंत त्या अशाच कडाकडा भांडत गेल्या.