गाण्याच्या खालचं

"बाई, बसा हो जरा! तुमच्याकडे बघून मलाच घेरी येतेय," मी म्हटलं.

"जन्मभर बसलेच आहे की, त्याच खुर्चीत." बाई पुन्हा पडद्याच्या फटीतून डोकावल्या. "आली रे माझी वर्गातली पिल्लं! ती धाकटी शेंबडी आईच्या मांडीवर उभी राहिलीय बघ."

दुपारचा कार्यक्रम होता आणि बाईंचा शेवटचा. डाव्या हाताची करंगळी वर्षभर त्यांचं ऐकत नव्हती. उद्यापासून नुसते मुलांचे वर्ग. वाद्यवृंदातल्या दुसऱ्या, साथीच्या व्हायोलिनांची शेवटची रांग म्हणजे आम्ही दोघं. स्वरलिपीचा स्टँड एक, बाहेरच्या खुर्चीत बाई, आतल्या खुर्चीत मी. पानं आतल्यानं उलटायची. पान संपत आलं की बाई नुसतं 'हं' करतात. बायकोच्या हाकेला मी इतक्या तत्परतेनं कधी ओ दिलेली नाही.

बाईंचा एकच हट्ट होता. अखेरची दोन पानं करंगळीचा जीव काढणारी. ती मुलांसमोर धड वाजवायची.

"रोज त्यांच्यावर ओरडते, करंगळी वापरा, करंगळी वापरा. एकदा दाखवायला नको? महिनाभर घरी तेच घासतेय. नवरा कानात कापूस घालून जेवतो."

वाजवता वाजवता ती पानं जवळ आली आणि पुढे फट्कन आवाज झाला. आमच्या फळीच्या म्होरकीची तार तुटली होती. तिला आम्ही चिमणी म्हणतो. बाईंचीच शिष्या, व्हायोलिन तिच्याहून मोठं दिसायचं तेव्हापासूनची. अशा वेळी वाजवणं थांबत नाही. पुढच्यानं मागच्याचं व्हायोलिन घ्यायचं, त्यानं त्याच्या मागच्याचं. तुटक्या तारेचं हातोहात मागे येतं आणि शेवटच्या रांगेतला आतला माणूस आपलं देऊन ते मांडीवर घेऊन गप्प बसतो. म्हणजे मी. तसा नियमच आहे.

मी खांद्यावरून काढलंही होतं. पण बाईंचा हात त्यांचं व्हायोलिन घेऊन आधीच पुढे गेला. वर्गात कुणाची तार तुटली की त्या अशाच आपलं व्हायोलिन पोराच्या हातात कोंबतात आणि त्याचं दुरुस्त करायला घेतात. हाताला कसला नियम ठाऊक?

"बाई, काय केलंत हे!" मी दातओठ खात कुजबुजलो.

त्यांनी मांडीवरच्या व्हायोलिनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहरा पार उतरला. मी माझं पुढे केलं.

"आणि ही तार कोण लावणार, तू? तुला धड खुंटी पिळता येत नाही. वाजव मुकाट्यानं."

पोरांसाठी त्यांच्या खिशात सुटी तार कायम असते. त्या मान खाली घालून ती बसवत राहिल्या. मी इतका चिडलो होतो की दोनदा चुकलो. तार लागली तेव्हा टाळ्या सुरू होत्या.

हॉल रिकामा झाल्यावर शेंबडी थेट स्टेजवर आली. "बाई, तुम्ही वाजवलंच नाही!"

"तार तुटली होती ना गं."

"तुमची कुठे तुटली होती?"

तेवढ्यात चिमणी आमच्या पुढच्या रांगेत गेलेलं त्यांचं व्हायोलिन घेऊन आली. आपलं हातात घेऊन तिनं नवी तार छेडली आणि तिचे डोळे भरून आले. "बाई, तुम्ही कशाला दिलंत? आतल्यानं द्यायचं असतं ना?"

"असतं," बाई म्हणाल्या. "आण इकडे माझं."

त्या खुर्चीत बसल्या. खुर्च्या उचलणाऱ्याला म्हणाल्या, "एवढ्या दोन राहू दे रे बाबा." दुसरीत मी न सांगताच बसलो आणि पान उघडलं.

बाकीच्यांशिवाय आमचं वाजवणं म्हणजे नुसता पाया. टुकटुक, टुकटुक, चाल अशी त्यात नाहीच. करंगळी एकदा अडकली. बाई "छे!" करून मागे गेल्या, पुन्हा आल्या, आणि या वेळी पार झाल्या.

"हे कुठलं गाणं?" शेंबडीनं विचारलं.

"गाणं नाही गं," बाई गज न थांबवता म्हणाल्या. "गाण्याच्या खालचं आहे."

खुर्च्या उचलणाऱ्यानं हातातली खुर्ची खाली टेकवली आणि तिच्यावरच बसला.

"हं," बाई म्हणाल्या, आणि मी शेवटचं पान उलटलं.