लाल मिरच्यांची बरणी

झाकणाच्या कडेला गंजाची बारीक रेघ, आणि वर चिकटवलेल्या कागदावर आईचं अक्षर — ‘भाजलेल्या मिरच्या, सप्टेंबर’. साल लिहायची तिची पद्धत नव्हती. बरणी दुसरा हिवाळा बघणार नाही, याची खात्रीच असायची. या बरणीने सहा पाहिले. इस्क्राने ती डाव्या हाताने खांद्यापर्यंत नेली, सावकाश खाली आणली... सहा, सात, आठ. काखेतला व्रण ताणला, दुखला नाही. घरी दोन किलोचं काहीतरी उचलत जा, असं इस्पितळात व्यायाम घेणाऱ्या बिलियानाने सांगितलं, तेव्हा तिला दुसरं काही सुचलंच नव्हतं.

आईला कुणी असं सांगितलं नव्हतं. स्तन काढलेल्या बाजूने कपापेक्षा जड काही उचलायचं नाही, एवढंच सांगितलं होतं, आणि ते पाळलं इस्क्राने — आईच्या हातातली पिशवी काढून घेतली, पातेलं काढून घेतलं, शेवटी शेवटी पाण्याचा जगसुद्धा; मग आई रिकामे हात मांडीवर ठेवून बसायची, स्वतःच्याच स्वयंपाकघरात, पाहुणीसारखी. मीच तिला... हे वाक्य कधी पुरं झालं नाही.

इमारतीच्या दारावर, आईला जाऊन पाच वर्षं झाल्याचं शोकपत्र चिकटवलेलं होतं, फोटोचा एक कोपरा सुटलेला. बाहेर पडताना तिने तो अंगठ्याने दाबून बसवला.

केमोचं चौथं औषध गुरुवारी चढलं होतं, आज मंगळवार. जिभेवरची पितळी चव अजून गेली नव्हती, तरी पाय आपणहून इस्पितळातल्या व्यायामाच्या खोलीकडे वळले, याचं तिला नवल वाटलं.

“आज तीन किलो,” बिलियाना म्हणाली.

“तीन?” शेजारच्या खुर्चीवरच्या स्तोयनाने रुमाल काढून डोकं दाखवलं. “बाई, इथे एक केस शिल्लक नाही, आणि तुम्हाला पैलवानकी हवीय.”

“पैलवानांनाही टक्कल असतं. चला, श्वास सोडत वर.”

तीन किलो वर गेले. इस्क्राने पुन्हा नेले, कुणी सांगितलं नसताना — दंडात एक ऊब होती, भाजणारी, तिची स्वतःची, सुईतून न आलेली.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरची गिंका मावशी, आईची जुनी मैत्रीण, चीज भरून भाजलेल्या बानित्साचे दोन गरम तुकडे घेऊन आली. टेबलावरची बरणी बघून थबकली.

“अगं, ही अजून आहे?”

“हिच्यावरच व्यायाम करते. आता हलकी लागायला लागलीय.”

“आईवर गेलीस.”

“आई कुठे उचलायची, मावशी? शेवटच्या वर्षी सगळ्या बरण्या तुम्हीच तर तळघरात नेल्यात.”

“मी? या गुडघ्यांनी?” मावशी खुर्चीत बसली. “तू कामावर गेलीस की तीच न्यायची, एकेक करून. चाळीस बरण्या. मला म्हणाली, इस्क्राला सांगशील तर याद राख.”

“आणि तुम्ही आजवर सांगितलं नाहीत.”

“तिने दम दिला होता ना. घामाघूम होऊन वर यायची, आणि चेहरा असा, जसं काही बाजारातून कलिंगड ढापून आणलंय. खा आता, गार होतंय.”

इस्क्राने खाल्लं. चीजची चव, बऱ्याच दिवसांनी, चीजसारखी लागली. मांडीवरचे ते हात... रिकामे नव्हते तर. दमलेले होते. दिवसभराचं काम उरकून, मुलगी यायच्या आत, पदराआड काही लपवावं तसे मांडीवर ठेवलेले — आणि मी त्यांची कीव करत बसले.

मावशी गेल्यावर तिने बरणी डाव्या हातात घेतली आणि तळघराचा जिना उतरू लागली. ती खाली ठेवून यायची की नुसतंच जाऊन यायचं, हे ठरलं नव्हतं. मधल्या वळणावर खिडकीचा रुंद कट्टा आहे. आई क्षणभर इथे टेकवत असेल बरणी... की टेकवतच नसेल.

इस्क्राने कट्ट्याकडे पाहिलं. बरणी हातातच ठेवली. तिने पुढच्या पायरीवर पाय ठेवला.