जेरार्दोचा शिक्का

डोंगर घसरतोय हे मोंतेलुर्नो गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आठशे वर्षं घसरतोय, त्यात नवीन ते काय! पण यंदाच्या हिवाळ्यात वेशीच्या कमानीला हात जाईल एवढी भेग पडली, चर्चच्या पायऱ्या एकमेकींपासून फटकून बसल्या, आणि सरकारचा हुकूम आला, गाव खाली करा. सपाटीवर, रेल्वे स्टेशनाजवळ, नवी घरं बांधून तयार होती. शेवटचा ट्रक आज दुपारी चारला निघणार होता.

आणि कानियो सकाळपासून भट्टी पेटवून बसला होता. बुरुजाखालच्या खडकात कोरलेली ती भट्टी खापरपणजोबापासून त्याच्याच घराण्याकडे होती. अख्खं गाव पाव इथंच भाजून न्यायचं. घराघरांतून कणकेचे गोळे यायचे, अदलाबदल नको म्हणून प्रत्येकावर त्या त्या घराचा लाकडी शिक्का उमटवलेला. कुणाचा कोंबडा, कुणाची चंद्रकोर. काय ते दिवस होते! दिवसाला दोनशे पाव निघायचे, बायकांची भांडणं अन् हसणं बुरुजापर्यंत ऐकू जायचं. आज भट्टीत पाव होते दोन, आणि दोन्ही शेजारच्या दोनाता वहिनींचे.

हीच तर डोकेदुखी होती. सगळं गाव गेलं, पण ही बाई हलायला तयार नव्हती. महापौरांनी विनवलं, पाद्रीबाबांनी समजावलं. शेवटी महापौर कानियोला म्हणाले, "तूच बघ बाबा. चारच्या आत आली नाही तर पोलिसांकरवी उचलून न्यावं लागेल." सत्तरीच्या बाईला उचलून न्यायचं!

वहिनी भट्टीच्या दाराशी दगडी बाकावर, मांडीवर आपले दोन लाकडी शिक्के घेऊन बसल्या होत्या.

"बोचकं बांधलंत का, वहिनी?"

"कशाला? मला कुठं जायचंय?"

"अहो, डोंगर अंगावर येईल!"

"येऊ दे. ओळखीचाच आहे."

कानियोनं कपाळावर हात मारून घेतला. लांब फावड्यानं त्यानं पाव बाहेर काढले. एकावर वहिनींच्या घराचा कोंबडा होता, दुसऱ्यावर घंटा. घंटेचा शिक्का त्यांच्या एकुलत्या एका पोराचा, जेरार्दोचा. बापानं पेअरच्या लाकडातून कोरून दिलेला. बारा वर्षांपूर्वी पोरगा अर्जेंटिनाला गेला, दोन वर्षं पत्रं आली, मग तीही बंद. वहिनी मात्र दर शनिवारी दोन पाव आणायच्या, कोंबडा घरी न्यायच्या आणि घंटा भट्टीजवळच्या फळीवर ठेवायच्या. "आला तर आधी इथंच येईल, भुकेला असेल," म्हणायच्या. रविवारी फळी रिकामी. "कुणी वाटसरू घेऊन गेला," कानियो सांगायचा.

त्या वाटसरूचं ओझं आज त्याला पेलवेना. दुसऱ्याच्या शिक्क्याचा पाव न विचारता खाणं म्हणजे या गावात देवाच्या दानपेटीत हात घालण्यासारखं. पण फळी रिकामी होते म्हणूनच वहिनींची पोराची आशा सुटत नाही, त्या पावासाठीच त्या अडून बसल्यात, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

"वहिनी, एक सांगतो. मग हव्या तेवढ्या शिव्या घाला." त्यानं फावडं भिंतीला टेकवलं. "वाटसरू कुणी नव्हता. जेरार्दोचा पाव मी खायचो. बायको गेल्यापासून, दहा वर्षं. गावाचे पाव भाजायचे, पण माझी कणीक मळायला घरात कुणी नाही. पहिल्यांदा वाळून जाईल म्हणून उचलला, मग सवय लागली. लाज वाटते मला."

वहिनींनी डोक्याच्या रुमालाच्या टोकानं नाक पुसलं.

"मिशीत चुरा घेऊन चर्चला यायचात. बायकांची अख्खी रांग हसायची."

"म्हणजे... तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिली दोन वर्षं तो पाव जेरार्दोचाच होता, देवाशप्पथ. मग कळून चुकलं, तो यायचा नाही. तेवढ्यात तुमची बायको गेली, तुम्ही वाळून काटकी झालात. ताट घेऊन आले असते तर दारातूनच परत पाठवलं असतंत. ताठा केवढा! मग काय करणार? लावत राहिले पोराचा शिक्का."

कानियो मटकन बाकावर बसला.

"मग आता कशासाठी अडून बसलात?"

"खाली घरं चिठ्ठ्या टाकून वाटलीत," वहिनी म्हणाल्या, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू फुटलं. "मी स्टेशनाशी, तुम्ही पार ओढ्यापलीकडे. ज्याच्या त्याच्या घरात लोखंडी चूल. भट्टी नाही, फळी नाही. दुसरा पाव मी ठेवू कुठं, भावजी?"

कानियोनं वर बुरुजाकडे पाहिलं. खाली ट्रकचा भोंगा वाजला. त्यानं वहिनींच्या मांडीवरचा घंटेचा शिक्का उचलला आणि कोटाच्या खिशात घातला.

"हा माझ्याकडे राहील. दर शनिवारी मीच घेऊन येईन, उमटवायला. आणि खाईन तुमच्या टेबलाशी बसून."

"ओढा ओलांडून?"

"ओढा ओलांडून."

वहिनी गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "येताना मिशी पुसून या म्हणजे झालं."

त्यांचं बोचकं तर कालपासूनच बांधून त्यांच्या घराच्या दारामागे तयार होतं. कानियोनं ते पाठीवर घेतलं, आणि दहा वर्षांत पहिल्यांदा तो घंटेचा गरम पाव भर दिवसा, ट्रकवरच्या सगळ्यांना दिसेल असा काखेत धरून वहिनींबरोबर वेशीबाहेर पडला.