मोठ्या वाऱ्याच्या रात्रीची साबिना

शुक्रवार पेन्शनचा, म्हणून डूनमोराच्या पोस्टात सकाळी नऊलाच म्हाताऱ्यांची रांग लागली होती. पोस्ट म्हणजे डीलिया गार्वीच्या किराणा दुकानाचं एक टोक. एकीकडे चहा, मीठ आणि पीठ, दुसरीकडे लाकडी जाळीमागे शिक्के आणि तिकिटं. साबिना कॉइन रांगेत तिसरी होती. पेन्शनचं पुस्तक तिने शालीखाली छातीशी धरलं होतं. १९०९च्या जानेवारीपासून दर शुक्रवारी त्यातलं एक पान फाटायचं आणि पाच शिलिंग हातात पडायचे. त्यावरच पुतण्या फेस्टीच्या घरातली चुलीजवळची जागा टिकून होती. त्याच्या बायकोने आडपडदा ठेवला नव्हता. "पाच शिलिंग येताहेत तोवर राहा. नाहीतर गरीबखान्याचा रस्ता आमच्या गाढवाला पाठ आहे."

"मोठ्या वाऱ्याच्या रात्री गावात माणसं किती होती गं, डीलिया?" मागून मार्टिन लावेल ओरडला. "चाळीस ना? आणि तो वारा आठवणारे साठ जण इथे उभे!"

"तुझं आठवणं तर ऐकलंय आम्ही," एक म्हातारी म्हणाली. "तुझ्या आईचं तेव्हा लग्नसुद्धा झालं नव्हतं."

रांग हसली. साबिनाही हसली.

पेन्शन सत्तरीनंतरची होती आणि जन्माचा दाखला कुणाकडेच नव्हता. तेव्हा १८३९च्या जानेवारीत मोठा वारा सुटला त्या रात्री जो जन्मलेला होता तो सत्तरीचा, असं गावच्या पेन्शन समितीने धरून चाललं होतं. साबिनाने समितीला सांगितलं होतं, "छप्पर उडालं. मी वर्षाची होते. आईने मला टोपलीत घालून बांधाच्या आडोशाला नेलं." हे आई दर हिवाळ्यात सांगायची. समितीने मान डोलावली. पेन्शन अधिकाऱ्याने मात्र नाव लिहून घेतलं आणि डब्लिनच्या दप्तरखान्यात शोध घ्यायला पाठवलं.

तिचा नंबर आला तेव्हा डीलियाने मान वर केली नाही. "साबिनाबाई, जरा बसा. आधी यांचं आटपते."

दुकान रिकामं झाल्यावर तिने डब्लिनहून आलेला लखोटा काढला. वाचता न येणाऱ्या निम्म्या गावाची पत्रं तीच वाचून दाखवी.

"१८५१ची शिरगणती. तुमच्या वडिलांच्या घराचा कागद सापडलाय. हजर माणसांत साबिना, मुलगी, वय तीन."

"तीन कसं? तेरा असेल. नीट बघ, पोरी."

"खाली आधीच्या दहा वर्षांत मेलेल्यांची यादी आहे." डीलिया थांबली. "साबिना, मुलगी, वय नऊ. १८४७. ताप."

साबिना जाळीला धरून उभी राहिली. मेलेल्या मुलीचं नाव पुढच्या मुलीला देण्याची रीत तिला ठाऊक होती. शेजारच्या तीन घरांत तसं झालेलं होतं. सत्तेचाळीसच्या दुष्काळात गेलेल्यांबद्दल मात्र घरात कुणी ब्र काढत नसे.

"टोपलीत मीच होते," ती म्हणाली. "आईने मला सांगितलंय. साबिनाला टोपलीत घातलं, असंच म्हणायची."

डीलिया कागदाची घडी घालू लागली.

"माझे दात बघ. पाठ बघ. एकसष्टच्या बाईची दिसते का ही?"

"दिसत नाही हो."

"मग टाक तो कागद चुलीत."

"हा नुसता उतारा आहे. अस्सल कागद डब्लिनला आहे."

"जळो ते डब्लिनचं दप्तर!" साबिनाचा आवाज फाटला. मग ती एकदम हळू झाली. "आजचं एक पान फाड. एकच. फेस्टी बाहेर गाडी घेऊन उभा आहे गं. रिकाम्या हाताने कशी जाऊ?"

"मला पुस्तक परत घ्यायला सांगितलंय." डीलियाने जाळीखालून हात पुढे केला. तो बराच वेळ तसाच राहिला. शेवटी साबिनाने शालीतून पुस्तक काढून त्यावर ठेवलं. डीलियाने ते खणात टाकलं, पलीकडे गेली आणि फळीवरून चहाचा पुडा उतरवला.

"हा घेऊन जा. पैसे नकोत."

"सत्तरीला नऊ वर्षं आहेत," साबिना म्हणाली. "पुरेल का तेवढा?"

तरी तिने तो घेतला. बाहेर फेस्टीने तिच्या हातातला पुडा पाहिला, दुसरा हात पाहिला आणि लगाम उचलला. गाडी घराकडे वळली. चहा त्याच्या बायकोने ठेवून घेतला.

सोमवारी गरीबखान्याच्या दारात कारकुनाने वही उघडली.

"नाव?"

"साबिना कॉइन."

"वय?"

"सत्तर," ती म्हणाली. "मोठ्या वाऱ्याच्या रात्री आईने मला टोपलीत घातलं होतं."

कारकुनाने सत्तर लिहिलं आणि पान उलटलं. तिथे पुरावा लागत नव्हता.