पहारेकरी

पत्त्यांच्या स्पर्धेत प्रतिस्पर्धी नर्सने आपला भालदाराचा पत्ता पुढे सरकवला आणि बाबांचा पहारेकरी मारला, तेव्हा पंच, म्हणजे त्यांचीच मुलगी, टेबलापासून दोन हातांवर उभी होती.

पहारेकऱ्याच्या पत्त्यावर ठळक छापलं होतं: हा मेला की मालकाला तीन प्राण मिळतात. पण समोर नर्सचं गिधाडही टपून होतं. कुणीही मेलं की ते समोरच्याचे दोन प्राण घ्यायचं. बाबांकडे नेमके दोन उरले होते.

"गिधाड. दोन प्राण," नर्स म्हणाली आणि थांबली.

अशा दोन गोष्टी एकदम आल्या की ज्याची खेळी चालू असेल त्याची गोष्ट खाली ठेवायची, समोरच्याची वर. आणि वरची आधी घडते. पंच लहान असताना बाबांनीच तिला हे बशांवर बशा रचून शिकवलं होतं. आधी तीन मिळणार, मग दोन जाणार. बाबा वाचत होते. फक्त त्यांनी तसं बोलायला हवं होतं. आपल्या पत्त्याची आठवण आपणच ठेवायची, पंचाने चकार शब्द काढायचा नाही.

बाबांनी पहारेकरी उचलला आणि कडा जुळवून बाद पत्त्यांवर ठेवला. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेली बोटं जराही थरथरली नाहीत. ते नर्सकडे पाहून हसले.

पंचाने भार या पायावरून त्या पायावर घेतला. पेनाचं टोपण काढलं, लावलं. दुसरा पंच जेवायला गेला नसता तर तिने हे टेबल घेतलंच नसतं. गेल्या महिन्यात बाबांनी फोनवर एकच गोष्ट दोनदा सांगितली होती. वय झालं, म्हणून तिने सोडून दिलं होतं.

"काका," नर्स म्हणाली, "तुमचा पहारेकरी मेला की काही होतं ना?"

"होतं की." बाबांनी पत्ता परत घेतला आणि प्रथमच पाहत असल्यासारखा सावकाश वाचला. "तीन प्राण. आधी माझे, मग तुमचं गिधाड. काय पंचबाई?"

"बरोबर."

आणखी अर्ध्या तासाने बाबा जिंकले. नर्स निकालाच्या कागदावर सही करायला आली.

"तुम्ही गप्प राहिला असता तर जिंकला असता," पंच म्हणाली.

"हो." नर्सने सही केली. पेन परत देताना तिचा आवाज खाली आला. "घरी त्यांच्याजवळ कोण असतं?"

पंचाने कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"एकटेच असतात."

नर्स पिशवी उचलून निघाली.

दुसरा पंच हात पुसत परतला. पंचाने छातीवरचा बिल्ला काढून त्याच्या हातात दिला.

"पुढची फेरी तू बघ. मी बाबांना घेऊन घरी जाते."

"ते जिंकलेत ना? त्यांची अंतिम फेरी आहे. आणि तू परत कधी येणार?"

बाबा पत्ते पेटीत रचत होते. एक ठेवायचे, काढायचे, पाहायचे.

"खेळायचं की घरी जायचं, त्यांना विचारते," ती म्हणाली आणि त्यांच्या समोरच्या खुर्चीत जाऊन बसली.