मी मिंदेलोची कावळीण

पुसलं आणि ते जिवंत असले तर? नाही पुसलं आणि ते नसले तर?

या दोन प्रश्नांच्या मध्ये कुंदा काल रात्रभर उघड्या डोळ्यांनी पडून होती. कपाळावरचं कुंकू ते केवढं, बोटाच्या टोकाएवढं. पण आज रविवारची सकाळ उजाडली, चाळीतल्या बायका दुपारी यायच्या आहेत, आणि तिला उत्तर सापडलेलं नाही.

उत्तर मला बरंचसं ठाऊक आहे. पण मी पडले वाद्य. कुणी छेडलं तर वाजायचं, नाहीतर खुंटीवर गप्प लोंबायचं. म्हणून निदान तुम्हाला तरी सांगते. मी कावाकिन्यू. हातभर लांबीची, चार तारांची. गिटारीची धाकटी बहीण म्हणा ना. घाटकोपरच्या भटवाडीतल्या या चाळीत मला कावळीण म्हणतात. निम्मा घोळ त्या नावानं केलाय आणि उरलेला माझ्या गावाच्या नावानं.

माझं गाव मिंदेलो. आफ्रिकेच्या पश्चिमेला, अटलांटिक समुद्रात, ज्वालामुखीतून वर आलेल्या एका बेटावरचं ते बंदर. डोंगर भाजून काढल्यासारखे काळे-तांबडे, झाड औषधालाही नाही. प्यायचं पाणी शेजारच्या बेटावरून होडीनं येतं. तिथे पिकत काहीच नाही, म्हणून पुरुष जहाजांवर जातात आणि मागे राहिलेले गाणी म्हणतात. धक्क्यावर, न्हाव्याच्या दुकानात, मयताच्या घरीसुद्धा. त्यातली बरीचशी निरोपाची. पण ऐकणाऱ्याला वाटावं, निरोप देण्यासारखी मजा दुसऱ्या कशात नाही.

जुलियू नावाच्या म्हाताऱ्यानं मला घडवलं. भंगारात काढलेल्या एका जहाजाच्या केबिनचं दार त्यानं मिळवलं होतं, त्याच्या फळीची माझी पाठ. तो मला घासायचा, कानाशी धरायचा, मान हलवायचा आणि पुन्हा घासायचा. मी चांगली निघेन की नाही याची त्याला शेवटपर्यंत खात्री नव्हती. मला तर अजूनही नाही.

एके दिवशी बंदरात मालाची बोट लागली, कोळसा आणि पाणी भरायला. संध्याकाळी एक काळासावळा माणूस दुकानाच्या दारात उभा राहिला. हा अनंत, बोटीच्या भट्टीत कोळसा टाकणारा आगवाला, कोकणातला. पलीकडे कुणीतरी गात होतं, ते ऐकत तो इतका वेळ उभा राहिला की जुलियूनं त्याला स्टूल दिलं.

दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. पण जुलियूनं पाहुण्यापुढे पाव ठेवला आणि म्हणाला, "पांव." अनंत दचकलाच. "अरे, पावाक तुमी पण पावच म्हणतास?" मग त्याला चेवच आला. त्यानं बालदीकडे बोट दाखवलं, जुलियू म्हणाला, "बाल्द." कुलपाच्या चावीला म्हणाला, "शाव." दोघं लहान मुलांसारखे दुकानभर बोटं दाखवत फिरले. शेवटी अनंतनं माझ्याकडे बोट केलं. जुलियू म्हणाला, "कावाकिन्यू," आणि तळहात पुढे करून, "पगार!" म्हणजे त्यांच्या भाषेत, पैसे दे.

अनंत म्हणाला, "पगार? माझो तरी खंय झालो हा!"

मी इतकी हसले की माझी एक तार वाजली. त्यानं मला घेतली. "चेडवाक होईल," म्हणाला. घाटकोपरला त्याची चार वर्षांची मुलगी होती, उत्तरा. तिनं बापाला आठवणीत राहावं इतकं पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे अनंतच्या पोटात कळ आली. बेटावरच्या इस्पितळात त्याचं पोट कापलं. शुद्धीवर आला तेव्हा उशाशी मी होते, आणि बाजूला त्याचा सोबती गुणाजी, डोळे पुसत. बोट थांबणार नव्हती. कंपनीचा माणूस आला, घरी तार करायची म्हणून पत्ता विचारू लागला. अनंतनं ग्लानीतल्या ग्लानीत पत्ता सांगितला: मालवणच्या पुढचा, गावचा, जिथे आता बंद घराला कुलूप आहे! मुंबईत माणसाचं लग्न होतं, मूल होतं, रेशनकार्ड होतं. पण पत्ता विचारला की जिभेवर गावच येतं. तार तिकडे गेली. आणि मला अनंतनं गुणाजीच्या हातात दिलं.

मी निघाले तेव्हा तो जिवंत होता. हे मी शपथेवर सांगते. त्यानंतरचं? गुणाजीला पुढच्या बंदरात काहीतरी कळलं असावं, कारण त्या दिवसापासून तो ट्रंक उघडताना शीळ घालू लागला. पण मी त्याच्या ट्रंकेत, कपड्यांच्या खाली. मी कोण खात्री देणार!

काल, शनिवारी दुपारी, गुणाजी मला घेऊन या चाळीत आला. त्याला गावी जाणारी आगबोट गाठायची होती, टॅक्सी रस्त्यावर उभी. कुंदा रेशनच्या रांगेत. सासूबाई, शेवंतीबाई, मागच्या दारी तांदूळ निवडत होत्या. त्यांना कमी ऐकू येतं. ओट्यावर उत्तरा एकटीच भातुकली मांडून बसलेली.

"बाय, आवस खंय गेली?"

"रेशनला."

"बरा, मग तूच सांग. तार इलीच आसतली म्हणा. बापूस मिंदेलोक रवलो. काय? मिंदेलो! पाठसून येतलो. आणि ह्या तुका धाडल्यान. कावाकिन्यू."

म्हणजे बाप तिकडे राहिलाय, मागाहून येईल. मग तो खाली वाकून तिच्या कानात आणखी काहीबाही बोलला. मी तिच्या फ्रॉकला उलटी टेकलेली, मला ऐकू आलं नाही. टॅक्सीवाल्यानं भोंगा वाजवला आणि गुणाजी पळाला.

उत्तरा मला कडेवर घेऊन आत धावली. चार वर्षांच्या जिभेला जेवढं पेललं तेवढं ओरडली, "आजी! बाबा मिंदेलो! ही बघ कावळीण!"

शेवंतीबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं.

तुम्ही कोकणातले नसाल तर सांगते. तुम्ही म्हणता तो मेला. मालवणीत म्हणतात, तो मेलो.

"काय म्हटलंस गो? मेलो? कोण मेलो?"

"बाबा," उत्तरा आनंदानं म्हणाली. "मिंदेलो. काका आले नि कावळीण दिली."

"कावळो?" शेवंतीबाईंनी छाती पिटली. "माझो झील गेलो गो! पिंडाक कावळो धाडल्यान गो माका!"

आजी जमिनीवर आपटून घेत होती, आणि ते आपल्या बोलण्यानं झालं हे पोरीला कळलं. ती कॉटखाली शिरली. त्यानंतर एक शब्द नाही.

कुंदा परत आली तेव्हा दारात गर्दी होती. शेजारच्या माणिकताईंनी गुणाजीला टॅक्सीत बसताना पाहिलं होतं, 'धक्क्यावर चल' म्हणताना ऐकलं होतं. तिनं पिशवी खाली ठेवली नाही. सगळं ऐकून घेईपर्यंत ती पिशवी तशीच हातात धरून उभी होती, जणू ती खाली ठेवली की खरं होईल.

"पण गुणाजीभाऊ काय म्हणाले? नेमकं काय म्हणाले?"

"काय म्हणतलो?" शेवंतीबाई म्हणाल्या. "तोंड दाखवूकसुद्धा थांबाक नाय तो. सोबती परत इलो, माझो येवक नाय. अजून काय सांगूचा रवला?"

माणिकताईंचे यजमान धक्क्यावर जाऊन आले. आगबोट सुटली होती. बोटकंपनीचं ऑफिस शनिवारी दुपारीच बंद होतं. आता सोमवारी उघडणार.

"सोमवारी मी स्वतः जाते, आई," कुंदा म्हणाली. "तोवर थांबा. एवढंच मागतेय."

"आणि तोवर तू कुंकू लावन बसतलंस? घरात मेलेल्याचा सुतक आणि सून बांगडयो भरून? माझ्या झिलाक गती खंयसून मिळतली गो?"

कुंदा मॅट्रिक झालेली. असल्या गोष्टींवर विश्वास नाही असं ती माणिकताईंना अनेकदा सांगायची, आणि सांगताना हळूच लाकडाला हात लावायची. कुंकू पुसलं तर दूर कुठेतरी त्यांचा श्वास अडेल, ही भीती तिला शाळेनं शिकवली नव्हती. पण शाळेनं ती घालवलीही नव्हती.

मग तिनं उत्तराला विचारायला सुरुवात केली.

आधी गोडीत. "काका काय म्हणाले गं सोनू? आईला सांग ना." मग श्रीखंडाची गोळी. मग बाहुली. मग हात जोडून. मी खुंटीवरून पाहत होते, आईनं लेकीपुढे हात जोडलेले मी मिंदेलोतही पाहिले नव्हते. पोर कॉटखालून नुसती पाहत राहिली. शेवटी कुंदानं तिला दंडाला धरून बाहेर ओढलं. "बोल! वाचा गेली का तुझी? बोल!" आणि एक धपाटा घातला.

लगेच तिनं स्वतःचाच हात दुसऱ्या हातानं घट्ट धरला. "झकास," ती पुटपुटली. "बाप गेला की नाही माहीत नाही, आणि आईनं मारायला सुरुवात केली. वा गं शिकलेली आई!" उत्तरा पुन्हा कॉटखाली गेली, या वेळी अगदी भिंतीपर्यंत.

मी काय करणार होते? माझ्या पोटात पोकळीच आहे, शब्द नाहीत. तुम्हा माणसांना माझी एकच विनंती आहे. लहान मुलाच्या हाती निरोप आला, तर पहिल्या शब्दालाच रडू नका. तो पुरता बाहेर येऊ द्या. त्यांच्याजवळ गोष्टीचं शेपूट नेहमी असतं. आपणच तोंडाला घाबरून पळतो.

आता दुपार झाली. बायका आल्या आहेत. कुणी मोठ्यानं बोलत नाही, पण एकीच्या हातात पाण्याचा तांब्या आहे आणि दुसरीनं पाट्याचा वरवंटा पदराखाली धरलाय. बांगड्या त्यानं फोडायच्या. कुंदाला मधे बसवलंय. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरलेत.

"माणिकताई, तुम्ही तरी सांगा ना यांना," ती म्हणते. "एकच दिवस. सोमवारपर्यंत. मग फोडा, हव्या तर मीच फोडते."

माणिकताई खाली बघतात. "मी काय सांगू गं? तुझ्या सासूपुढे माझं काय चालतंय?"

"आधी तो कावळो भायर काढा घरातसून!" शेवंतीबाई ओरडतात. "त्याच्या पिसाकसुद्धा हात लावू नकात. उचला आणि टाका!"

हात लावायचा नाही आणि उचलायचंही, हे कसं जमवायचं ते माणिकताईंना कळत नाही. त्या पदरानं माझी मान धरून मला खुंटीवरून काढतात. पदर घसरतो. माझी एक तार समुद्राच्या दमट हवेत पार सैल पडलीय. आयुष्यात कधी नव्हे इतका मी जीव एकवटते. जुलियूनं घासलेलं सगळं, मिंदेलोतल्या सगळ्या गाण्यांचं जे काही माझ्यात उरलं असेल ते सगळं. माणिकताईंचं बोट तारेला लागतं, आणि माझ्यातून निघतं:

ट्यांऽऽव.

मांजराचं शेपूट दारात चेंगरल्यासारखं. मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग माणिकताईंच्या तोंडून, अगदी नकळत, सुटलं, "अगं बाई! कावळ्याला पडसं झालंय!"

आणि कुंदा हसली.

आधी नाकातून. मग तिनं तोंडावर हात दाबला, पण हात मांडीखालून सुटले ते सुटलेच. ती पुढे वाकून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी वाहत हसायला लागली. थांबेना. मधेच ते रडणं होत होतं आणि पुन्हा हसणं. बायका मागे सरकल्या. "डोक्यावर परिणाम झाला बिचारीच्या," कुणीतरी म्हणालं. शेवंतीबाई वरवंट्याकडे हात करून म्हणाल्या, "धरा गो तिका! हात धरा!" दोघी पुढे झाल्या. एकीनं कुंदाचं मनगट पकडलं, बांगड्या जमिनीवर टेकवल्या. कुंदा तशीच हसत होती.

तेवढ्यात कॉटखालून उत्तरा बाहेर आली. गुडघ्यांवर रांगत, बायकांच्या पायांमधून वाट काढत. ती आईपाशी आली, घाबरून रडवेली झाली आणि दोन्ही हातांनी आईचं पोट दाबून धरत ओरडली,

"आई, हसू नको ना गं! हसलं की बाबांचे टाके दुखतात. काकांनी सांगितलंय, ते घरी आले की त्यांना अजिबात हसवायचं नाही. तुझे पण उसवतील!"