साडेतीनशेच्या आत

व्हर्लिन नीगार्डने जोडलेलं लोखंड आजवर सुटलेलं नाही. मोडायचंच झालं तर ते शेजारून मोडेल, सांध्यातून नाही. मिनेसोटाच्या या पश्चिम टोकाला कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. चाळीस वर्षं त्याने सगळ्या पंचक्रोशीचे नांगर, पेरणीयंत्रं, धान्याच्या ट्रॉल्या वेल्डिंग करून दिल्या. पण असल्या माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे घरातही सगळं नांगराच्याच मापाने. अंगणात चिमण्यांना दाणे टाकायला एक फळी हवी, असं त्याच्या बायकोच्या, आर्डिसच्या, तोंडून एकदा निघालं, तर या पठ्ठ्याने पाव इंची लोखंडाचा खांब पुरला आणि खाली काँक्रीट ओतलं. पुढे वादळात शेजारचा मेपल उन्मळून पडला, छपराचे पत्रे उडाले, चिमण्यांची फळी जागच्या जागी.

बोलण्यात मात्र हाच माणूस महाकंजूष. दिवसाकाठी वीस शब्द, त्यातले निम्मे हवामानाचे. आर्डिसने ते कधी मनाला लावून घेतलं नाही, कारण तिला एक गुपित ठाऊक होतं. मोटरसायकलवर बसून हेल्मेटमधला माईक सुरू केला आणि गाव मागे पडलं, की या दगडाला पाझर फुटायचा. बापाचं, लहानपणचं, कधी कुणाला न सांगितलेलं असं काहीबाही तो बोलत राहायचा आणि ती मागे बसून कानात ऐकायची. अठ्ठावीस उन्हाळे दोघं पश्चिमेला ब्लॅक हिल्सच्या डोंगरात जाऊन, तंबूत राहून आली होती. आपला खरा संसार त्या अठ्ठावीस पंधरवड्यांतच झाला, असं ती बहिणीला सांगायची, आणि ते खोटं नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात व्हर्लिनच्या खुब्याने घात केला. ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं, तरी सकाळी त्याला तंबूतून उठताच येईना. शेवटी शेजारच्या तंबूतल्या दोन अनोळखी माणसांनी बगलेत हात घालून त्याला उभा केला. त्याने त्यांचे आभार मानले आणि परतीच्या पाचशे मैलांत माईक एकदाही सुरू केला नाही. घरी आल्यावर गाडीवर ताडपत्री टाकली ती टाकलीच. मार्चमध्ये एक दिवस जेवता जेवता म्हणाला, "फार्गो शहरातला एक जण गाडी घ्यायला तयार आहे."

"आणि आपण?" आर्डिसने विचारलं.

"आपण काय. जमिनीवर झोपायचं वय गेलं."

"मग जमिनीवर नको झोपू. गाडीमागे ओढायचा कॅम्पर करू. आत गादी, मागच्या बाजूला चूल."

"असले कॅम्पर पाचशे-सहाशे पौंडांचे असतात. आपल्या गाडीला साडेतीनशेच्या वर ओढायला लावायचं नाही. उतारावर तो आपल्यालाच ढकलत नेईल."

"मी करते साडेतीनशेच्या आत."

व्हर्लिनने तोंडातला बटाटा गिळला. "तू? कशाचा, कापडाचा?"

"कापडाचाच," आर्डिस म्हणाली. खरं तर तोवर तिच्या डोक्यात काहीच नव्हतं, पण त्याचा तो 'तू' तिला मिरचीसारखा झोंबला.

त्याने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "गादी-चुलीसकट, कोठाराच्या काट्यावर, साडेतीनशेच्या आत. जुलैपर्यंत. आला तर गाडी राहील. नाही आला तर फार्गोवाला घेऊन जाईल."

आमच्याकडे धान्याच्या कोठारावरचा काटा म्हणजे शेवटचा शब्द. घरच्या काट्यावर काय भरलं ते बायकोला सांगावं, बाहेर सांगितलं तर लोक हसतात. तो ट्रकांचा काटा, वीस-वीस पौंडांनी पुढे सरकतो. म्हणजे तीनशे चाळीस दिसलं तर आर्डिस जिंकली, तीनशे साठ दिसलं तर गाडी गेली. आणि व्हर्लिन शब्दाचा इतका पक्का की स्वतःचं नुकसान झालं तरी मागे घ्यायचा नाही. गाडीबरोबर नवऱ्याचं बोलणंही फार्गोला जाणार, हे आर्डिसला पुरतं कळलं होतं.

आता आर्डिसबद्दल सांगायचं तर तिनेही तीस वर्षं हात चालवले होते. ट्रकांच्या ताडपत्र्या, होड्यांची झाकणं, ट्रॅक्टरच्या सीटा, जे काही जाड कापडाचं असेल ते या गावात तिनेच शिवलेलं. तिने लहान होडी ओढायचा एक जुना गाडा मिळवला, त्याचा नुसता लोखंडी सांगाडा ठेवला. त्यावर घरांच्या भिंतीत थंडीसाठी घालतात ते गुलाबी फोमचे तक्ते, पाव कापायच्या सुरीने कापून, खोक्यासारखे उभे केले. झोपायच्या जागी तेवढी पातळ प्लायवूडची फळी. मग सगळ्यावर लाकडाचा गोंद चोपडून कॅनव्हास चढवला. ओलं कापड वाळताना किती आवळतं हे पुस्तकात नसतं, ते तिच्या बोटांत होतं. तीन दिवसांनी तिने भिंतीवर थाप मारली तर ढोलासारखा आवाज आला. दुकानात कुणीतरी परत केलेला लोणी-रंगाच्या पेंटचा डबा मिळाला, तो वरून फासला.

प्रत्येक तुकडा बसवण्याआधी ती न्हाणीघरातल्या काट्यावर ठेवायची आणि शेडच्या भिंतीवर पेन्सिलने आकडा लिहायची. बिजागऱ्यासुद्धा सोडल्या नाहीत. गादी जड झाली तेव्हा उसवून आतला अर्धा फोम काढला. चुलीला पाय होते ते कापून टाकले.

कोठारावर काटा सांभाळणारी मार्लिस, तिची शाळेपासूनची मैत्रीण, एकदा डोकावून गेली. "अगं, हे झोपायला आहे की मासे ठेवायला? बर्फ टाकलास तर आठवडाभर टिकेल."

"तुला आत कोंडलं तर तूही टिकशील," आर्डिस म्हणाली. मार्लिस हसली, पण जाताना त्या गोल पाठीवरून हात फिरवून गेली.

जुलैच्या पहिल्या शनिवारी भिंतीवरची बेरीज झाली तीनशे एकतीस.

त्या सकाळी फार्गोचा कर्टिस पिकअप घेऊन कोठारावर हजर. सभ्य माणूस, टोपी हातात धरून उभा. व्हर्लिनने कॅम्पर मोटरसायकलला जोडून, चालत्या माणसाच्या वेगाने आणला, काट्यावर सोडला आणि गाडी बाजूला घेतली. मार्लिसने काचेमागून बघितलं. मग पुन्हा बघितलं. खिडकी सरकवून हळूच म्हणाली, "आर्डिस, चारशे."

चार महिन्यांचं काम, गोंदाने सोललेली बोटं, आणि चारशे.

"वाईट वाटलं, बाई," कर्टिस म्हणाला. "पण दिसायला झकास झालाय हं."

"भिंतीवर तीनशे एकतीस आहे," आर्डिस म्हणाली. "माझी बेरीज चुकत नाही."

"काटा गेल्या महिन्यात तपासलाय गं," मार्लिस म्हणाली.

"काट्याला कोण काय म्हणतंय." आर्डिस सहासष्ट वर्षांची. ती गुडघे टेकून खाली बसली, मग काँक्रीटवर सरळ पाठ टेकली आणि कॅम्परच्या खाली डोकं घातलं. सांगाड्याला तिने न लावलेले दोन लांब लोखंडी अँगल आणि एक आडवा. वर ताजा काळा रंग. आणि सांध्यांवर अशा एकसारख्या वळ्या की शिलाईच्या यंत्राने टीप घालावी. असलं वेल्डिंग या पंचक्रोशीत एकाच माणसाचं.

ती बाहेर आली. पाठीची माती झटकली नाही.

"व्हर्लिन."

तो स्वतःचे बूट बघत होता.

"हे तू केलंस?"

"हं."

"केव्हा?"

"मंगळवारी. तू चर्चमध्ये गोधड्या शिवायला गेली होतीस."

"माझं खोकं तू उतरवलंस?"

"पुलीने वर घेतलं. सहाच बोल्ट. होते तसे परत लावले."

"गाडी विकायचीच होती तर तोंडाने सांगायचं होतंस," आर्डिस म्हणाली. "मी समजून घेतलं असतं. हे असं केसाने गळा कापायचं काय कारण होतं?"

"विकायची असती तर मी हात कशाला लावला असता?" व्हर्लिन म्हणाला. मग त्याने मान वर केली आणि चारचौघांत, हेल्मेट डोक्यावर नसताना, बोलायला लागला. "सोमवारी तू बाजारात गेलीस, तेव्हा मी आत जाऊन आडवा झालो. म्हटलं पाच मिनिटं बघावं. दीड तासाने जाग आली. आणि उठलो, आर्डिस. दाराच्या कडेला बसलो, पाय खाली सोडले आणि कुणाचा हात न धरता उभा राहिलो." त्याने कॅम्परच्या दाराकडे बोट दाखवलं. "मग भीती वाटली. उठताना फळी करकरली होती. डोंगरात मोडली तर? सगळंच गेलं. म्हणून खाली अँगल टाकले. वजनाचं डोक्यातच आलं नाही. जपायची मला एकच रीत येते."

खिडकीत मार्लिस आ वासून बसली होती. कर्टिस टोपीच्या आतलं लेबल वाचत होता.

आर्डिसला त्याच्या डोक्यात काहीतरी घालावंसं वाटलं, आणि त्याच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही. तोवर व्हर्लिनने खिशातून किल्ली काढून कर्टिससमोर धरली होती. "चारशे भरलं. शब्द तो शब्द."

"शब्द माझ्या कॅम्परचा होता," आर्डिस म्हणाली. "तुझ्या लोखंडाचा नव्हता. किल्ली खिशात घाल आणि ते काढ."

"ते सुटत नाहीत."

"माहितेय सुटत नाहीत. कापता तर येतात."

व्हर्लिनचा चेहरा उतरला. परक्याचं वेल्डिंग त्याने हजारदा कापलं होतं, स्वतःचं एकदाही नाही. कापायची वेळच कुणावर आली नव्हती. तो किल्लीकडे बघत राहिला, मग बायकोकडे, आणि मग कोठाराच्या दुरुस्तीच्या शेडमधून ग्राइंडर घेऊन आला.

ठिणग्यांनी फोम वितळला असता, म्हणून आधी खोकं उतरवायचं होतं. सहा बोल्ट काढले. चार कोपऱ्यांना चौघं उभी राहिली, मार्लिससुद्धा. कर्टिसने दात-ओठ खाऊन जोर लावला आणि त्याचा कोपरा एकदम छातीपर्यंत वर आला. तो मागच्या मागे पडता पडता वाचला.

"एवढंच?" तो म्हणाला. "आत गादी आहे ना?"

"गादी आहे, चूल आहे, दोन कपाटं आहेत," आर्डिस म्हणाली. "ठेव हळू. रंगाला ओरखडा नको."

व्हर्लिन अर्धा तास कापत होता. स्वतःच्याच हातचं ते काम, सरळ थोडंच सुटणार. एक अँगल पडला, दुसरा पडला, आडवा पडला. उरलेले खुंट त्याने घासून इतके साफ केले की बोट फिरवलं तरी लागू नयेत. घाम पुसला, खोकं परत चढवलं, बोल्ट आवळले. कॅम्पर पुन्हा काट्यावर उभा राहिला आणि सगळी बाजूला झाली.

"तीनशे चाळीस," मार्लिस म्हणाली. यावेळी हळू नाही, कोठाराच्या पलीकडच्या रस्त्यापर्यंत जाईल एवढ्या आवाजात.

आर्डिसने डोळे मिटले आणि उघडले. व्हर्लिन मात्र अजून फळीकडेच बघत होता.

"झोप," ती म्हणाली.

"इथे?"

"इथेच. डोंगरात मला तुझं रडगाणं नको."

तो कडेला बसला, पाय आत घेतले, आडवा झाला. या कुशीवरून त्या कुशीवर वळला. फळी थोडी करकरली आणि मग गप्प झाली. त्याने पाठीने दोन गचके देऊन बघितले, तरी ती हलली नाही.

"पाचशे साठ," मार्लिसने वाचलं. "म्हणजे तू दोनशे वीस भरलास, व्हर्लिन. डॉक्टरला दोनशे सांगतोस ना?"

"डॉक्टरचा काटा वेगळा आहे," आतून आवाज आला.

कर्टिस हसला. त्याने टोपी डोक्यावर चढवली, कॅम्परभोवती दोन चकरा मारल्या, चुलीचं झाकण उघडून मिटलं, आर्डिसशी हात मिळवला आणि रिकामी पिकअप घेऊन फार्गोला गेला.

काट्यावर काहीही चढलं की त्याची चिठ्ठी फाडावी लागते आणि चिठ्ठीवर एक नाव लागतं, ज्याचा माल त्याचं. मार्लिस यंत्राशी बसली. "तीनशे चाळीसचीच फाडते. नीगार्ड, व्हर्लिन. नेहमीचंच."

"ते नको," व्हर्लिन आतून म्हणाला.

"मग काय घालू?"

"आर्डिस नीगार्ड. बांधलाय तिने." मग तो म्हणाला, "आणि मार्लिस, दोन काढ. एक मला पाकिटात ठेवायचीय."

आमच्याकडे स्वतःच्या कामाची फुशारकी मारणं पापच समजतात. कुणी तारीफ केली तर मान खाली घालून हवामानाचं बोलावं, अशी लहानपणापासूनची शिकवण, आणि आर्डिसने ती सहासष्ट वर्षं पाळली होती. त्या शनिवारी ती चिठ्ठी हातात घेऊन सरळ चौकातल्या कॅफेत गेली आणि एक टेबल न सोडता सगळ्यांना दाखवून आली.